शेवटच्या आठ ओळी

४ फेब्रुवारी, मंगळवार

जड अंतःकरणाने नमूद करतो की ऑफिसच्या चहाबरोबर मिळणारं बिस्किट आजपासून बंद झालं. आधी दोन होती. मग एक झालं. आज बशीत नुसता कपाचा गोल डाग! चहावाल्या बाईंना जाब विचारला, तर म्हणाल्या, "वरून आलंय." वरून! आमच्या वर फक्त गच्ची आणि पाण्याची टाकी आहे.

सव्वीस वर्षं या पेपरात काढली. संपादक बदलले, मालक बदलला, छपाईचं मशीन बदललं. बिस्किट टिकून होतं. आता माणसाने कशाच्या आधारावर उपहास लिहायचा?

हे गाऱ्हाणं कात्रीबाईंपुढे मांडलं. कात्रीबाई म्हणजे रविवारची पुरवणी बघणाऱ्या आमच्या उपसंपादक. नाव मी ठेवलंय, त्यांना ते माहीत आहे. मान वर न करता म्हणाल्या, "बिस्किटाचं सोडा. तुमचं सदर या रविवारपासून साडेतीनशे शब्दांत बसवायचंय."

आठशेचं पाचशे झालं, पाचशेचं साडेतीनशे. बिस्किटाच्याच वाटेने चाललंय!

"कुणी वाचत नाही म्हणून?" मी.

"जाहिरात आहे म्हणून."

"म्हणजे वाचत नाहीच कुणी. कित्येक महिन्यांत एक पत्र नाही. शिवीसुद्धा नाही!"

"असतो हो एखादा. शब्दन् शब्द वाचणारा एक तरी असतोच. पत्र लिहीत नाही, एवढंच."

"दाखवा."

"लावा पैज."

बिस्किटाच्या पुड्यावर लागली. असा वाचक सापडला तर पुडा मी द्यायचा. थोडक्यात, पुडा वाचला माझा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

साडूने नवी गाडी घेतली. एवढंच लिहून झोपतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप कसली लागतेय. तेव्हा सविस्तर.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पूर्वी तो आमच्याच पेपरात माझ्या हाताखाली होता. 'राजकीय' हा शब्द जन्मात कधी धड लिहिला नाही — कायम 'राजकिय'! मी लाल शाईने दीर्घ करायचो आणि तो 'थँक्यू सर' म्हणायचा. एकदा दया येऊन घरी जेवायला आणला. मेव्हणी सुट्टीला आली होती. वाढायला तीच होती. बाकीचं काय सांगायचं! त्याला पूर्वी 'तू' म्हणायचो, साडू झाल्यापासून 'तुम्ही' म्हणावं लागतं. पहिला अन्याय तोच.

आता त्याचा ब्लॉग आहे. 'तोफखाना'. राजकिय ब्लॉग — ऱ्हस्वच, अजूनही! — आणि रोज दोन लाख लोक तो वाचतात. सरकारवर तोफ, विरोधकांवर तोफ, उरलेला दारूगोळा शेजाऱ्यांवर. माझ्या सदराचं नाव 'काडी'. तोफेला बत्ती द्यायला काडी लागते, हे मी एकदा त्याला सुनावलं होतं. तो मनापासून हसला आणि पुढच्या लेखात ते स्वतःच्या नावावर वापरलं.

गाडी कुठून आली? जाहिरातींतून. मी आज नीट बसून बघितलं. लेखाच्या वर जाहिरात, खाली जाहिरात, मधे जाहिरात, आणि एक तर लेखाच्या अंगावरून झुरळासारखी सरकत जाते. सगळ्या एकाच मालाच्या — परदेशी नोटा! कुठलासा देश आहे, तिथे लढाया झाल्या, सरकारं आली, गेली, नोटांवर शून्यं वाढत गेली. आज तिथल्या लोकांना पिशवीभर नोटा देऊन पिशवीभर कांदे मिळत नाहीत. जाहिरात म्हणते, लवकरच या चलनाची किंमत नव्याने ठरणार. रातोरात शंभरपट! आज बंडल घ्या, उद्या बंगला घ्या. 'बड्या लोकांनी आधीच घेतलंय. तुम्हाला कळू नये अशी त्यांची इच्छा आहे.'

गंमत म्हणजे साडूचा लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, तेच कळत नाही. दोन्हीकडे एकच — 'तुमच्यापासून लपवलं जातंय.' जो माणूस रोज सकाळी हे वाचतो, त्याला कुणी म्हणालं की 'हे बघ, हे लपवलं होतं,' तर तो पाकीट काढणारच.

हे मला सुचलंय. लिहायला हवं. साडेतीनशे शब्दांत!

९ फेब्रुवारी, रविवार

सासऱ्यांकडे सगळे जमलो. चौथा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी एक स्टूल ठेवलंय — चढताना तिथे बसतात, उतरताना तिथे बसतात. गुडघे गेलेत. येत्या महिनाअखेर पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावरची खोली घ्यायची ठरलीय. घरमालकिणीला द्यायची अनामत त्यांनी पेन्शनमधून साठवून तयार ठेवलीय. दोन्ही मुलींनी 'आम्ही देतो' म्हणून बघितलं. "माझ्या पायांसाठी मी देईन," म्हणाले. विषय संपला.

सासरे वजनं-मापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. जन्म गेला दुकानांचे काटे तपासण्यात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी भाजीवाल्याने पारडं उचललं की ह्यांचा हुंकार येतोच. त्यांची प्रमाण वजनांची लाकडी पेटी अजून कपाटावर आहे. आत मखमलीचे खळगे आणि खळग्यांत पितळी वजनं, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. आम्हा दोन्ही जावयांना त्यांनी केव्हातरी पारड्यात घातलं असणार. निकाल अजून जाहीर नाही. मला निकालाची घाई नाही, कारण मला तो ठाऊक आहे.

तर साडू आला तो नोटांचं बंडल घेऊन. स्वतःही घेतल्यात म्हणे, भरपूर! प्रत्येकाला एकेक वाटली, जणू लग्नाची पत्रिका. माझ्या हातात ठेवताना म्हणाला, "साडूभाऊ, जपून ठेवा. उद्या हिच्या जोरावर स्वतःचं पुस्तक काढाल!"

निळसर नोट. एका बाजूला धरण, दुसऱ्या बाजूला चोच उघडलेला पक्षी. किंमत पाच लाख. तो पक्षी माझ्याकडे बघून हसतोय असं वाटलं. सध्या तिची खूण करून या वहीत घातलीय.

"बाबा, तुम्हीपण थोड्या घेऊन ठेवा," साडू म्हणाला.

सासऱ्यांनी भिंग काढलं. नोट उजेडाकडे धरली, बोटांनी चाचपली. म्हणाले, "कागद चांगला आहे."

झालं! इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही लेखाला ते 'कागद चांगला आहे' असंसुद्धा म्हणाले नाहीत.

मग नोट खाली ठेवून म्हणाले, "जो दुकानदार ओरडायचा ना, त्याचा काटा मी आधी बघायचो." पण तोवर मेव्हणी "चला, गाडी बघायला चला" म्हणून उठली होती. आणि सासरे उठले! चार मजले उतरले! स्टुलावर एकदाच बसले! माझ्या एकुलत्या एक पुस्तकाच्या प्रकाशनाला ह्यांचे गुडघे दुखत होते.

खाली गाडीभोवती सगळे उभे. मी वर पाणी प्यायला थांबलो. म्हणजे तसं सांगितलं. टेबलावर गेल्या रविवारची आमची पुरवणी पडली होती, मधोमध एक चौकोन कापलेला. काहीतरी सवलतीचं कुपन असणार. आमच्या पेपरात कापून ठेवण्यासारखं दुसरं काय असतं?

घरी येताना ही म्हणाली, "अहो, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का?"

"नवीन गाडी आहे. इंजिनाचा असेल."

"आपण तर बसमधे आहोत!"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लाज वाटते, पण वहीपासून काय लपवायचं? त्या देशाच्या चलनाचा भाव दिवसातून तीनदा बघतो. सकाळी दात घासताना, ऑफिसात, आणि घरी आल्यावर बूट काढायच्या आधी. आज थोडासा वर गेला, तर जेवण गेलं नाही. समजा खरंच वटल्या या नोटा? आत्ता नुसती गाडी आहे. उद्या बंगला होईल. बंगल्याला बाग होईल. बागेत खुर्च्या टाकून साडू आम्हाला बोलावील. आणि मला जावं लागेल!

देवा, फसवणूकच असू दे.

हे मी मोठ्याने बोललो. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "कसली हो फसवणूक?" म्हटलं, लेखाचा विषय आहे. म्हणाली, "विषय आहे की नवस आहे?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिला! एका बैठकीत. वर्षभरात असा उतरला नव्हता.

युक्ती अशी की निंदा करायचीच नाही. नुसती स्तुती! 'मी आजवर कुणाबद्दल चांगलं लिहिलं नाही, पण आज लिहिणार आहे' इथून सुरुवात. मग त्या नोटांचं कौतुक — कागद कसा टिकाऊ, पक्षी कसा आशावादी, शून्यं कशी गुबगुबीत. बँकेत पैसा म्हातारा होतो, इथे तरुण होतो. 'माझ्या नात्यातल्या एका विद्वानाने घेतल्या आहेत आणि त्याच्या दारात गाडी उभी आहे. याहून मोठा पुरावा कोर्टसुद्धा मागत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, उशीर करू नका. घ्या!'

आणि मग शेवटच्या आठ ओळी. डंख तिथे आहे. इथे उतरवून ठेवतो:

'...घेतल्यात? आता ती नोट घेऊन शेजारच्या वाण्याकडे जा आणि एक काडेपेटी मागा. त्याने दिली, तर मला कळवा. मी लिहिणं सोडतो. नाही दिली, तर परत येऊन विचार करा — जी नोट काडेपेटी आणू शकत नाही, ती बंगला कुठून आणणार? आणि जो ती विकतोय, त्याने तुमच्याकडून मात्र तुमच्या इथल्याच नोटा का घेतल्या? त्याच्याकडे तर त्या बंगल्याच्या नोटांची पोती आहेत!'

वाचून स्वतःच हसलो. शब्द मोजले, साडेतीनशेच्या आत. 'काडी' सदराचा शेवट काडेपेटीने! हे कुणाच्या तरी लक्षात येऊ दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

छापून आला. मी बघितला नाही. छापलेलं स्वतःचं मी वाचत नाही, सदर आकसायला लागल्यापासून. प्रेताची ओळख पटवायला बोलावल्यासारखं वाटतं.

दहाच्या सुमारास साडूचा फोन. "साडूभाऊ! वाचलं! अहो, तुमच्याकडून एवढं चांगलं ऐकायची सवय नाही हो. डोळ्यांत पाणी आलं. तोफखान्यावर टाकतो, चालेल ना?"

काय हा कोडगेपणा! भर चौकात थोबाडीत मारावी आणि समोरच्याने 'हात किती मऊ आहे' म्हणावं, तसं. "टाका की," म्हटलं. टाकलं असेल. मी तिकडे फिरकलो नाही. माझा लेख दोन लाख लोक वाचणार, आणि वाचणार साडूच्या घरी! याच्याइतका अपमान दुसरा नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कात्रीबाई सकाळीच म्हणाल्या, "रागावू नका. ऐनवेळी गादीवाल्यांची जाहिरात आली. तुमच्या शेवटच्या आठ ओळी काढाव्या लागल्या."

"शेवटच्या?"

"खालूनच कापतात ना हो. बातमीचा जीव वर असतो, म्हणून शेपूट कापायचं. हाच नियम आहे."

"बाई, माझा जीव शेपटीत असतो!"

"मला वेळ होता का वाचायला? पान सुटत होतं."

डोकं सणकलं. सव्वीस वर्षांत कधी नव्हे तो असा शेवट जमला होता, आणि त्याच्यावर गादी अंथरली! काडेपेटीचा विनोद आता जगात फक्त या वहीला माहीत आहे.

सुधारणा छापा म्हणालो असतो, पण विनोदाची सुधारणा कशी छापणार? 'गेल्या रविवारी पुढील ठिकाणी हसावयाचे राहून गेले'?

२० फेब्रुवारी, गुरुवार

हिला सासऱ्यांचा फोन आला होता. एरवी ते औषधाचं सांगतात आणि ठेवतात. आज म्हणे विचारत होते, "जावईबापू उगीच कुणाचं चांगलं म्हणत नाहीत ना गं?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, बाबा, एवढी वर्षं संसार केला, माझ्या डोळ्यांचंसुद्धा कधी कौतुक नाही! ते चांगलं म्हणाले म्हणजे ते चांगलं असणारच."

म्हणजे सासरी माझी ही ओळख! साडू दिलदार आणि मी कडू कारलं. थोरल्या मुलीला कसलं स्थळ मिळालं, याचा इतक्या वर्षांनी तपास चाललाय.

तिचे डोळे चांगले आहेत. सांगायचं राहिलंय खरं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साडू टीव्हीवर! चर्चेत बोलावलं होतं. खाली पट्टीवर लिहून आलं — 'राजकीय विश्लेषक'. दीर्घ! त्यांनी दुरुस्त करून घेतलंय! माझी शेवटची मदतसुद्धा लागली नाही त्याला.

२ मार्च, रविवार

सासऱ्यांकडे गेलो. खूश दिसले. कधी नव्हे ते मला म्हणाले, "बसा, बसा, पंख्याखाली बसा." मला वाटलं, साडूची खुर्ची रिकामी आहे म्हणून. तो आला नव्हता. आता त्याला वेळ कुठला!

कपाटावरची वजनांची पेटी आज पुसून लख्ख होती.

११ मार्च, मंगळवार

वटल्या नाहीत!!

फुटला फुगा. त्या देशाने जुन्या नोटाच रद्द केल्या. शून्यं कापून नवीन काढल्या. जुन्या बदलून मिळतील, पण तिथल्या लोकांना, तिथल्या बँकेत, ओळखपत्र दाखवून. बाहेरच्यांच्या हातात नुसता कागद. चांगला कागद! विकणाऱ्या कंपनीचा फोन लागत नाही. तोफखान्यावर जाऊन बघितलं — जिथे जिथे जाहिराती होत्या, तिथे पांढरे चौकोन! दात पडलेल्या तोंडासारखं दिसतंय. आणि लेखाचं शीर्षक काय? 'या कटामागे कोण?'

आज चहा बिनबिस्किटाचाच होता, पण काय गोड लागला!

ही म्हणाली, "शिट्टी वाजवताय?"

"मी? नाही."

"त्यांचे किती गेले असतील हो?"

"भरपूर. त्यानेच सांगितलं होतं ना, भरपूर!"

ही माझ्याकडे बघत राहिली. मी शिट्टी थांबवली.

१३ मार्च, गुरुवार

आज शिट्टी नाही.

तळमजल्यावरच्या खोलीच्या मालकिणीने हिला फोन केला. "तुमचे वडील खोली नको म्हणतायत. मी दुसऱ्याला देऊ का?" ही घाबरून तशीच तिकडे गेली. सासरे म्हणाले, "जिन्याची सवय आहे मला. स्टूल आहे ना वळणावर." ही रडायला लागली, तेव्हा त्यांनी कपाटावरची पेटी काढायला सांगितली. खळग्यांत वजनं नव्हती. वजनं खाली ड्रॉवरमधे, फडक्यात गुंडाळलेली. खळग्यांत निळ्या नोटांच्या गुंडाळ्या, रबर लावून, मोठ्यापासून लहानापर्यंत नीट लावलेल्या. अनामतीची सगळी रक्कम!

ही घरी येऊन स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. मी दिवा लावायला गेलो तर म्हणाली, "नको लावू." एरवी 'अहो' म्हणते. आज म्हणाली, "नको लावू."

१६ मार्च, रविवार

आज मी बोललो. सगळ्यांसमोर. मन मोकळं करून!

साडू नेहमीच्या जागी बसला होता, पण अर्धाच वाटत होता. मेव्हणी खिडकीपाशी. मी उभा राहिलो आणि जे सुनावलं, ते साडेतीनशे शब्दांत नव्हतं! म्हटलं, "तुमच्या पानावर तुम्ही जगाला शहाणपण शिकवता आणि त्याच पानावर रद्दी विकता. लोकांचं जाऊ द्या — ह्या माणसाचे गुडघे विकलेत तुम्ही! गाडीच्या चार चाकांसाठी ह्यांचे दोन पाय!" हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं. लिहूनही इतकं नीट येत नाही.

साडू खाली बघून म्हणाला, "साडूभाऊ, मी बाबांना एक नोट दिली ती दिली. नंतर विषयसुद्धा काढला नाही, शप्पथ. त्यांनी कधी, कुठून मागवल्या, मला माहीत नाही."

"जाहिरात बघूनच ना!"

"असेल. पान माझंच आहे." मग म्हणाला, "खोलीचे पैसे मी भरतो. माझेही बुडालेत, हातात काही नाही. पण गाडी आहे. विकतो."

सासरे म्हणाले, "ह्यांच्याकडे बोट नका दाखवू. ह्यांचा दोष नाही, मी —"

"बाबा, तुम्ही मधे पडू नका. तुम्ही साधे आहात!" असं मी म्हणालो. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासलेल्या माणसाला.

ते माझ्याकडे बघत राहिले. आज ते बघणं कौतुकाचं वाटलं मला. शेवटी थोरला जावईच उभा राहिला, असं काहीतरी.

उतरताना स्टुलापाशी साडू थांबला होता. किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "ओळखीत कुणी गिऱ्हाईक असेल तर सांगा. जेमतेम चाललीय." मी म्हटलं, बघतो. गाडी खरंच सुंदर आहे.

बसमधे ही काही बोलली नाही. मला वाटलं होतं, एखादं वाक्य तरी बोलेल.

१८ मार्च, मंगळवार

सासऱ्यांनी एकट्याला बोलावलं. पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चौकोन चिकटवलेला — माझी 'काडी'. गेल्या महिन्यातली. भिंगातून वाचताना ओळीखाली नख फिरवतात, त्याचे वळ उमटलेले. बाकीचे चौकोन खाली ड्रॉवरमधे आहेत म्हणाले, सदर सुरू झाल्यापासूनचे. 'घ्या!' इथे लेख संपला होता. खाली झाकणाचं लाकूड.

"तोफेच्या काट्यावर मी कशाला विसंबू," म्हणाले. "तो ओरडतो. तुमचा काटा मात्र मी इतकी वर्षं बघतोय. कधी कुणाच्या बाजूने झुकला नाही. एकदाच झुकला. म्हटलं, माल खरा असणार."

मी त्यांना शेवटच्या आठ ओळी तोंडी म्हणून दाखवल्या. काडेपेटीसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "चांगल्या होत्या. छापायला हव्या होत्या."

जिन्यातल्या स्टुलावर बसून साडूला फोन केला. म्हटलं, गाडी विकू नका, खोलीचे मी बघतो. आणि का ते सांगितलं. "सर," म्हणाला, "राहू दे. निम्मे-निम्मे करू."

ऑफिसात जाताना बिस्किटाचा पुडा घेतला. कात्रीबाईंच्या टेबलावर ठेवला.

"अरे! सापडला? कोण?"

"आहेत एक," म्हटलं. "चौथ्या मजल्यावर राहतात."